पत्राची खालची घडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शालिग्राम ठोंबरे हे नाव सांगतो. ते माझे प्राध्यापक नव्हते, नातलगही नव्हते. जानेफळहून सकाळी सातला मेहकरला जाणाऱ्या एसटीचे ते कंडक्टर होते, आणि पासवर जाणारी आम्ही कॉलेजची मुलं त्यांना शालिग्रामभाऊ म्हणायचो. दीड महिन्यापूर्वी उंद्रीला आपल्या घरी दुपारचं जेवून ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला ही बातमी आमच्याच गाडीतल्या सुनंदाने फोनवर सांगितली. "गजानन, भाऊ गेले रे..." एवढंच ती बोलली. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हिला आधी कळलं. त्यांच्या घरून फोन तिला गेला आणि मला तिच्याकडून. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंतर. वय पन्नाशीला टेकलं, पोरं माझ्या खांद्याच्या वर गेली, तरी भाऊंच्या बाबतीत मी अजून बारावीतच होतो.

आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील मेथी, वांगी, कोथिंबीर पिकवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. मी दहावी पास झालो, पण इंग्रजीत काठावर. मेहकरच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक वर्ष पाहू, इंग्रजीत अडकला तर मळ्यात ये. पहिल्याच दिवशी भाऊंनी पास पाहायला हात पुढे केला, आणि त्यांची नजर माझ्या काखेतल्या पुस्तकावर गेली.

"इंग्रजी घेतली काय बे?"

"घ्याच लागते, भाऊ."

"लागते म्हून घेतली? मंग सांग, हे 'पास' कुठचं हाय?"

"इंग्रजी."

"इंग्रजीत थे उतरलं. बसलं कुठून?"

मग भाऊंनीच सांगितलं. हा शब्द लॅटिनमध्ये बसला, तिथे त्याचा अर्थ पाऊल. फ्रेंचमध्ये त्यानं गाडी बदलली, इंग्रजीत उतरला, "आन् आता तुह्या खिशात हाय. सांभाळून ठेव." सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि तो शब्द मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

हीच त्यांची शिकवण्याची पद्धत होती. स्वतः मॅट्रिक. पुढे शिकायची फार हौस होती, पण वडील अचानक गेले आणि नोकरी धरावी लागली. रद्दीच्या दुकानातून घेतलेला एक जाडजूड इंग्रजी कोश त्यांच्याजवळ होता. गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाचा त्याला गबाळा शिवलेला अभ्रा. रोज सकाळी ते एक शब्द द्यायचे. दिवसभर कॉलेजात आम्ही तो शोधायचा आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीत त्यांना सांगायचं: शब्द कुठून बसला, कुठे उतरला. मूळ आणि अर्थ हे दोन शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. ज्याचं उत्तर बरोबर, तो दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसायचा. दाराजवळची ती दोन जणांची सीट. दीड वर्ष त्यातली दुसरी जागा बहुतेक माझी होती.

त्या जागेचं मोल आज कोणाला सांगून पटायचं नाही. चढणारा प्रत्येक माणूस आधी भाऊंना पाहायचा आणि मग मला. एकदा वडील भाजीची पाटी घेऊन त्याच गाडीत चढले. मला तिथे बसलेलं पाहून ते पाटी डोक्यावरून उतरवायचंच विसरले. गाडी सुटली तरी तसेच उभे. पुढे अकरावीत सहामाहीला मी इंग्रजीत नापास झालो, आणि वर्ष पुरं व्हायच्या आधीच वडील मला मळ्यात न्यायला निघाले, तेव्हा भाऊ आपल्या सुटीच्या दिवशी आमच्या घरी आले होते. पाणी प्यायले, वांगी पाहिली, वांग्यांची तारीफ केली आणि जाताना म्हणाले, "बाप्पा, याचं तिकीट लई पुढचं हाय. मधात उतरवू नका." वडिलांनी मान हलवली. मी पदवीधर झालो, अमरावतीला शिक्षक झालो, ते सगळं त्या एका वाक्याच्या पुढचं आहे.

सुनंदा मधल्या एका फाट्यावर चढायची. माझ्याच वर्गातली. वेणी घट्ट, मान खाली, दप्तर छातीशी धरलेलं. भाऊंच्या खेळात तिनं कधी भाग घेतला नव्हता. तिची मी दखलही घेत नव्हतो, आणि ज्याची दखल नाही त्याचा हेवा कसला? बारावीच्या हिवाळ्यात एका सकाळी भाऊंनी शब्द दिला, मर्क्युरियल.

मी भूगोलाचं पुस्तक उघडलं. मर्क्युरी म्हणजे बुध. कॉलेजचे शिपाई पंचांग पाहायचे, त्यांना जाऊन विचारलं, बुध कसा? ते म्हणाले, बुध म्हणजे बुद्धी, वाणी, व्यापार. बुध चांगला तो माणूस हुशार, गोड बोलणारा, डोक्याने थंड. माझा जन्म बुधवारचा. आई नेहमी सांगायची. मला वाटलं, हा शब्द देवानेच माझ्यासाठी पाठवला आहे. संध्याकाळी गाडीत मी उभा राहून उत्तर दिलं, "बुध ग्रहावरून बसला. हुशार आणि शांत माणूस, इथं उतरला." आणि न राहवून पुढे म्हणालो, "म्हंजे भाऊ, माह्यासारखा."

गाडीत हशा झाला. भाऊही हसले. मग त्यांनी मागे पाहून विचारलं, "सुनंदा, तू सांगतं काय?"

ती उठली. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "भाऊ, माही माय दवाखान्यात झाडझूड करते. तिथं ताप पाह्याची नळी फुटली होती. त्यातला पारा म्या हातावर घेतला. बोट लावलं का फुटते, सोडलं का पुन्हा जुळते. धराले गेलं का पयते. तसा माणूस... आता हसला, आता रुसला."

"बरोबर उतरला! आन् बसला कुठून?"

"दवाखान्यातून," ती म्हणाली, आणि गाडी अशी हसली की ड्रायव्हरनेही मागे वळून पाहिलं. भाऊंनी सांगितलं, रोममध्ये मर्क्युरी नावाचा देव होता, पायांना पंख असलेला, निरोप नेणारा, वाटसरूंना सांभाळणारा. "म्हंजे आपल्या एसटीचाच देव की!" ड्रायव्हर पुढून ओरडला. त्या देवाचं नाव पाऱ्याला मिळालं आणि पाऱ्यावरून चंचल माणसाला, असा भाऊंनी निकाल दिला. बुध कुठेच नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गजानन, तू मधातल्या स्टॉपवर उतरला बे." आणि पुढे, अगदी सहज बोलावं तसं, "उद्यापासून सुनंदा इथं बसन. रोज."

रोज. आजवर ती जागा कोणाला रोज मिळाली नव्हती, मलाही नाही. रोज नवं उत्तर द्यावं लागायचं. दुसऱ्या दिवशी मी मागे जाऊन बसलो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरं माझी वाटच पाहत होती. "काय बे गजा, डिपार्टमेंटनं बदली केली काय तुही?" "अर्ज कर ना, लेका!" त्यानंतर आणखीही काही बोलली, भाऊंबद्दल आणि तिच्याबद्दल, हलक्या आवाजात. मी ऐकलं आणि गप्प बसलो. त्या जागेवरून मला सगळं दिसायचं. भाऊ तिकिटं फाडायला उठले की कोश तिच्या मांडीवर ठेवायचे. माझ्या मांडीवर त्यांनी तो कधी ठेवला नव्हता, मी मागून घ्यायचो. ती खिडकीकडे बसायची. मी दाराकडे बसायचो, वारा खात. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक पेरू दिला, तिला दोन. तो दुसरा पेरू तिच्या आईसाठी होता हे मला माहीत होतं, ते तसं बोललेही होते. तरी दोन ते दोनच.

बारावी झाली आणि बी.ए.साठी मी अमरावतीला गेलो. सुनंदा मेहकरलाच राहिली, म्हणजे त्या गाडीत, त्या जागेवर. कॉलेजच्या ग्रंथालयात शब्दांची कुळं सांगणारा मोठा कोश आहे असं कळल्यावर इतर मुलं आपापल्या अभ्यासाला लागली, मी मात्र पहिल्या दिवशी एकच शब्द काढला. जे सापडलं ते वाचून मला जो आनंद झाला तसा आनंद पुढे नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नाही. त्याच संध्याकाळी मी निळं आंतरदेशीय पत्र आणलं आणि भाऊंना मेहकर डेपोच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही. महिना गेला, सत्र गेलं. मी ठरवलं, आता ते लिहितील तेव्हाच मी लिहीन. बी.ए. झालो, त्यांना कळवलं नाही. नोकरी लागली, कळवलं नाही. लग्नाची पत्रिका त्यांच्या नावाने लिहिली आणि तशीच ठेवून दिली.

पुष्कळ वर्षांनी मेहकरच्या स्टँडवर ते अचानक भेटले. निवृत्त झालेले, अंगात पांढरा सदरा. गणवेशाशिवाय ते मला लहान वाटले. चहा घेतला.

"कसा हायेस?"

"बरा आहे, भाऊ."

"भाषा बदलली बे तुही," ते हसून म्हणाले. मग कप खाली ठेवला. "सुनंदा भेटते काय तुले?"

इतक्या वर्षांनी, खुशाली झाली की पहिला प्रश्न तिचा! माझा घोट कडू झाला. "नाही," म्हणालो आणि गाडीची वेळ झाल्याचं निमित्त केलं. माझी गाडी अजून लागलीही नव्हती, आणि स्टँडवर उभी जिंदगी काढलेल्या माणसाला ते कळत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "हाव, जाय. जागा पकड." तीच आमची शेवटची भेट. ते मला काहीतरी सांगणार होते असं आता वाटतं. पण आता काय...

दहाव्याला मी उंद्रीला गेलो. सुनंदा आधीच आलेली होती. ग्रामसेविका आहे ती. आल्यागेल्याला पाणी देत होती, पंगतीचं पाहत होती, घरातल्यासारखी वावरत होती. मी ओट्यावर पाहुण्यासारखा. दुपारी भाऊंच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या आणि माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. "तुमचं हाय म्हनत. ड्यूटीवर असतानी बॅगेतच राह्ये."

आत माझं निळं पत्र होतं. वरचा अर्धा भाग हाताळून हाताळून पार पांढरा पडलेला, कडा झिजलेल्या, घडीवर चिकटपट्टी लावलेली. आणि खालचा अर्धा भाग जवळजवळ कोरा करकरीत, मी पोस्टात टाकला तेव्हा होता तितका निळा.

सुनंदा शेजारी येऊन बसली. "हे का," ती म्हणाली. "हे तं म्या शंभरदा वाचलं असन. पत्र आलं त्या दिवशी भाऊनं गाडीत उभं राहून वाचून दाखवलं. म्हने, माहा निकाल चुकला होता, गजानन बरोबर होता, पाहा पोट्ट्यानं लायब्ररीत जाऊन माही चूक पकडली. त्याच्या मांगं जे जे नवीन पोट्टे येत, त्याहिले दाखवत. पन सारे अर्धंच वाचत. खालची घडी कधी उघडू देल्ली नाई. म्हनत, खाली घरगुती हाय."

मग तीच पुढे बोलत राहिली, आणि तिने मला जे सांगितलं ते तिला वाटत होतं की मला कधीचंच ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात शेवटच्या बाकावरची पोरं तिला गाडीत सतवायची. वेणी ओढायची, उतरताना वाट अडवायची. तिच्या वडिलांना कळलं आणि त्यांनी तिचं कॉलेज बंद करायचं ठरवलं. भाऊ फाट्यावर गाडी थांबवून खाली उतरले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी माह्या बाजूले बसन, रोज. काही झालं तं माहा बिल्ला काढून घ्या." कंडक्टरचा बिल्ला म्हणजे त्यांची भाकरी. ही गोष्ट कोणाला सांगणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला. पण मुलीला उगाच जागा दिली तर त्याचीही चर्चा होईल, म्हणून निमित्त हवं होतं.

"मर्क्युरियल शब्द त्याहीनं मले आदल्या दिवशीच सांगतला होता," सुनंदा म्हणाली. "पाऱ्याचं मात्र माहं होतं हं. थे कोनी सांगतलं नाई."

म्हणजे निकाल आधीच ठरलेला होता! तीस वर्षांची माझी शंका खरी निघाली, आणि त्याचा मला एक क्षण आनंदही झाला, हे लिहून ठेवतो. मग बाकीचं लक्षात आलं. मीही त्याच गाडीत होतो. ती पोरं रोज तिला छळत होती आणि मला काही दिसलं नव्हतं. मला फक्त सीट दिसत होती. भाऊ माझ्या पत्राला उत्तर देऊ शकले नाहीत, कारण खरं उत्तर द्यायचं तर तिची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती न सांगण्याचा शब्द त्यांनी तिच्या वडिलांना दिला होता. एवढं कळूनही आतून काय उमटलं? त्यांनी माझ्यापासून लपवलं याचं दुःख नव्हतं. तिच्यासाठी लपवलं, याचं होतं.

"खाली काय हाय रे?" तिने हात पुढे केला. "आता तं वाचू दे."

मी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. ती "बरं" म्हणाली आणि पंगतीकडे गेली. तिचं ते "बरं" मला सहन झालं नाही. मला एखाद्या गोष्टीला असं कधीच म्हणता आलेलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी भाऊंवर लेख लिहायचा प्रयत्न केला. त्यांचा कोश, त्यांचे शब्द, वडिलांना सांगितलेलं ते वाक्य, सगळं लिहिलं. प्रत्येक वेळी लेख पत्राच्या घडीपाशी येऊन थांबायचा. वरचा भाग छापला असता तर वाचकांनी मला शाबासकी दिली असती, जशी गाडीतल्या मुलांनी दिली. भाऊंनी तीस वर्षं माझी लाज झाकली. मी तीच घडी पुन्हा घालून त्यांच्या नावाने शाबासकी घ्यायची, हे मला जमेना. शेवटी सुनंदाला फोन केला. सांगितलं, खालच्या भागात तुझ्याबद्दल वाईट लिहिलं आहे, फार वाईट. छापू का?

"छाप," ती म्हणाली. "फोनवर सांगू नको. पेपरात वाचीन."

माणसाने आपल्यावर सर्वाधिक उपकार करणाऱ्याला आयुष्यात एकच पत्र लिहावं, आणि ते असं असावं. त्यात आभार कुठेच नाहीत, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. एक अक्षर न बदलता ते खाली देतो.

*

ती. शालिग्रामभाऊ यांस,
सा. न.

पत्र लिहिण्यास कारण की, बारावीला असताना आपण मर्क्युरियल या शब्दाचा जो निकाल दिला तो चुकीचा होता. इथल्या ग्रंथालयात मोठा कोश आहे, त्यात मी पाहिले. मर्क्युरी हा रोमन लोकांचा देव, हे आपले बरोबर. पण त्या देवाचे नाव आधी आकाशातल्या सर्वांत भरभर चालणाऱ्या ग्रहाला मिळाले. तोच आपला बुध. पुढे किमया करणाऱ्या लोकांनी एकेका ग्रहाला एकेक धातू जोडला, तेव्हा पाऱ्याला ते नाव लागले. इंग्रजीत मर्क्युरियल शब्द आला तो आधी ग्रहावरून. त्या ग्रहाच्या अमलाखाली जन्मलेला माणूस चलाख, बोलका, हुशार, असे तेव्हा मानत. क्षणोक्षणी बदलणारा हा अर्थ नंतर ठरला, त्यात पाऱ्याचाही हात असावा. म्हणजे शब्द बुधावरून बसला हे माझे उत्तर बरोबर होते. 'शांत' एवढेच चुकले. ते मी मान्य करतो.

आता मनातले लिहितो. आपण सुनंदाला जागा दिली ती उत्तरासाठी दिली नाही, हे सगळ्या गाडीला माहीत आहे. ती मुलगी आहे आणि आपल्यापुढे भोळेपणाचे सोंग करते म्हणून दिली. शेवटच्या बाकावरची मुले आपल्या दोघांबद्दल जे बोलायची ते मी तेव्हा खोटे समजत होतो. आता समजत नाही. दीड वर्ष मी रोज उत्तर शोधून आणले आणि एका संध्याकाळी आपण मला उठवले. मर्क्युरियल म्हणजे कसा माणूस, हे कळायला मला कोश पाहायची गरज नव्हती. आपल्याकडे पाहिले असते तरी कळले असते. उद्या तिलाही उठवाल.

माझे चुकत असेल तर कळवावे. उत्तर पोस्टाने पाठवावे. तिच्या हाती निरोप पाठवू नये.

आपला,
गजानन
बी.ए. भाग १